पानिपतचा नाफ्था

कच्चे तेल शुद्ध केले, की पेट्रोल निघते, डिझेल निघते.
आणि नाफ्थाही निघतो.

नाफ्था हा पातळ, हलका द्रव.
तसाच विकला, तर मोल बेताचेच.
त्यातून रसायने बनवली, की मोल वाढते.

श्रोतेहो, पानिपत म्हटले की मराठी माणसाला १७६१ आठवते.
त्याच पानिपतजवळ १९९८ पासून इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे.
२०१० मध्ये त्याला नाफ्था क्रॅकरची जोड मिळाली.

क्रॅकरचे काम भट्टीत चालते.
वाफेत मिसळलेला नाफ्था तिच्या नळ्यांमधून जातो.
आठशे अंशांच्या आसपास तापला, की त्याचे रेणू तुटतात.
तेही क्षणभरात!
इथिलीन आणि प्रॉपिलीन हे वायू मिळतात.
त्यांचेच पुढे प्लास्टिकचे दाणे होतात.
घरातली बादली, धान्याचे विणलेले पोते, सारे या दाण्यांचेच.

कच्चा माल घरचाच असतो.
इंडियन ऑइलच्याच मथुरा आणि कोयली इथल्या कारखान्यांतला नाफ्थाही इथे येतो.

मुद्दा पुन्हा सांगायचा, तर नाफ्था तसाच विकण्यापेक्षा त्याची रसायने करण्यात नफा अधिक.
अर्थात, प्लास्टिकचे भाव पडले, की हा नफाही आटतो.
पण इंधन आणि प्लास्टिक दोन्ही एकाच वेळी पडतील, असे नसते.
कारखान्याला तेवढाच आधार.