तक्त्यांतील आंकडा व पत्रांतील आंकडा

बीड जिल्ह्याचे तालुके अकरा. गेवराई, माजलगांव, आष्टी, पाटोदा, यांपैकीं कोठलीहि कचेरी घेतली तरी एकाच मजकुराचीं शेंकडों पत्रें काढण्याचा प्रसंग तेथें वारंवार येतो. पूर्वीं कारकून तीं हातानें उतरून काढीत. आतां संगणकावर 'वर्ड'मध्यें मजकूर एकदांच लिहितात. नांव, गांव, रक्कम व तारीख यांच्या जागा मोकळ्या ठेवतात, आणि त्या 'एक्सेल'च्या तक्त्यांतून आपोआप भरल्या जातात. या योजनेस 'मेल मर्ज' म्हणतात. योजना सोयीची खरी. पण तिच्यांत एक खोंच आहे, आणि ती ज्याला बोंचते तो कचेरींत नसून गांवांत असतो.

२०२० च्या खरिपांत बीडचें नांव पीकविम्याच्या 'बीड मॉडेल'मुळें सर्वत्र झालें. त्या हंगामांत मुगासारख्या पिकास शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या शेंकडा २ आणि कपाशीस शेंकडा ५ होता. समजा, तक्त्यांत '२%' असें स्वच्छ दिसत आहे. पत्रांत मात्र '०.०२' उतरतें! याचें कारण असें कीं, पडद्यावरचें '२%' हा केवळ पोशाख होय. तक्त्यानें जपलेलें मूल्य ०.०२ हेंच, आणि वर्डच्या हातीं मूल्य पडतें, पोशाख नाहीं. पैशांचीहि तीच गत. द्विमान गणनेंत ५६ पैसे नेमके मावत नाहींत, त्यामुळें १२३४.५६ च्या जागीं १२३४.५५९९९९ अशी नवांची लांबलचक रांग कधीं कधीं छापली जाते. वाचणारा हंसून सोडून देतो.

तारखेची चूक मात्र हंसण्यावारी नेतां येत नाहीं. एक्सेल तारीख म्हणजे एक संख्या म्हणून ठेवतो. १ जानेवारी १९०० चा क्रमांक १. मराठवाडा मुक्त झाला त्या १७ सप्टेंबर १९४८ चा १७७९३. ही तारीख पत्रांत बहुधा अमेरिकी रीतीनें, महिना आधीं घेऊन, येते. सुनावणी ७ सप्टेंबरची, पत्रांत '९/७'. धारूरकडील शेतकऱ्याच्या हातीं हें पत्र ऑगस्टांत पडलें, तर तो ९ जुलै वाचणार, आणि दिवस टळून गेला म्हणून घरीं बसणार. निजामी अमलांतील कागदांवर फसली सन असे. तो निराळा आहे हें निदान दिसत तरी होतें.

उपाय अवघड नाहीं. वर्डमध्यें ऑल्ट व एफ-नऊ या कळा एकत्र दाबल्या म्हणजे मोकळ्या जागेमागचा संकेत उघडा पडतो. तारखेच्या नांवापुढें उलटी तिरकी रेघ, ॲटचें चिन्ह, आणि अवतरणांत दोन डी, दोन एम, चार वाय लिहावे. एम मोठ्या लिपींतलाच हवा. धाकटा एम म्हणजे मिनिटें, आणि मग महिन्याच्या जागीं दोन शून्यें येतात. रकमेस ॲटऐवजीं हॅशचें चिन्ह व '०.००' असा नमुना द्यावा. शेंकडेवारीस मूल्य आधीं शंभरानें गुणावें लागतें. एवढी खटपट नको असेल त्यानें एक्सेलमध्येंच 'टेक्स्ट' या सूत्रानें निराळा रकाना करावा व पत्रास तोच जोडावा.

एका दुखण्यावर मात्र हा इलाज चालत नाहीं. गट क्रमांक १२, हिस्सा ३, हें '१२/३' असें लिहिलें कीं एक्सेल त्याची तारीख करतो: भारतीय मांडणींत १२ मार्च, अमेरिकींत ३ डिसेंबर. खुद्द सातबाराहि '७/१२' असा लिहिल्यास यांतून सुटत नाहीं. '११५/२' मात्र जसाच्या तसा राहतो. अशा मिश्र रकान्याचा प्रकार वर्डसाठीं सामान्यतः पहिल्या आठ ओळींवरून ठरतो, आणि न जुळणाऱ्या ओळी रिकाम्या अगर शून्य होऊन येतात. म्हणून असा रकाना लिहिण्यापूर्वींच 'टेक्स्ट' प्रकारचा करून ठेवावा. एकदां तारीख झालेलें शेत कोणताहि नमुना परत देत नाहीं.

आणि छापण्यापूर्वीं पहिलेंच पत्र पाहून समाधान मानूं नये. बारा तारखेच्या आंतला दिवस, पैशांसह रक्कम आणि हिश्शाचा गट ज्यांत आहे, असें एखादें पत्र शोधून तें तक्त्याशीं ताडून पाहावें.