फडताळातले व्हिडिओ गेम

मये येथील आमच्या घरात पाहुण्यांची म्हणून जी खोली आहे, ती जेमतेम दोन खाटांची. तीत काचेच्या नळीचा एक जुना टीव्ही आणि चार व्हिडिओ गेम नांदत आहेत: १९८३ साली जपानात निघालेला फॅमिकॉम, त्याच्याच धर्तीवरचा समुराई, आणि सोनीची पहिली व दुसरी प्लेस्टेशने. शाळामास्तराला हा छंद शोभतो काय, असे आई वरचेवर विचारते. तिचा खरा राग खोलीभर पसरलेल्या वायरींवर होता, आणि तो रास्तच होता.

सर्व यंत्रे एकदम जोडून ठेवण्याचा मोह मी सोडला. कोणते यंत्र कोणाचे काम करू शकते, हे आधी पाहिले. समुराईला फॅमिकॉमचीच साठ पिनांची कॅसेट चालते. दुसऱ्या प्लेस्टेशनवर पहिल्याचे बहुतेक खेळ चालतात. तेव्हा बाहेर दोनच ठेवली. उरलेली दोन फडताळात गेली. टीव्ही मात्र जुनाच हवा. बदके टिपण्याची ती बंदूक चपट्या पडद्यापुढे निकामी ठरते, मग नेम कितीही अचूक असो!

वायरींचा धडा मी लहानपणीच शिकलो. जहाजावर नोकरीस असलेल्या मामांनी फॅमिकॉम आणला, त्याच संध्याकाळी मी त्याचा अडॅप्टर घाईने भिंतीत खोचला. जपानात वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. क्षणात जळका वास सुटला. मामा काही बोलले नाहीत. सुटी संपताच पुढच्या सफरीस निघून गेले, आणि यंत्र दोन वर्षे मुके पडून राहिले. आता प्रत्येक अडॅप्टरवर चिकटपट्टी लावून यंत्राचे नाव व व्होल्ट लिहून ठेवतो. टोक बसते म्हणून वीज जुळतेच असे नाही. फॅमिकॉमला डीसी वीज लागते. त्याच कंपनीच्या अमेरिकेतील यंत्राचा अडॅप्टर एसी देतो, आणि टोक तर बेमालूम बसते.

राहता राहिला पावसाळा. आमच्या तळ्याकाठच्या गावात त्या दिवसांत चपलांनाही बुरशी धरते. म्हणून फडताळातली यंत्रे घट्ट झाकणाच्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. कॅसेटमध्ये फुंकर घालण्याची जुनी खोडही सोडावी. तोंडाची वाफ पिनांवर बसते. बाहेरची दोन यंत्रे मी दर रविवारी थोडा वेळ चालवतो.

गेल्या आषाढात आईने औषधाच्या रिकाम्या बाटलीतली एक पुडी काढून न बोलता माझ्या हाती दिली.