फॉर्म छापण्यापूर्वी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्या सातारा-सांगली भागात दारात सर्व्हेवाला येणं आता नवं राहिलेलं नाही. पोलिओचं पथक येतं, आशाताई तीस वर्षांवरच्या माणसांचे फॉर्म भरून नेतात. आपण उत्तरं देतो, सही किंवा अंगठा करतो आणि कामाला लागतो. फॉर्ममधले प्रश्न कोणी, कोणाला विचारून ठरवले, हे मात्र आपण कधी विचारत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचं आहे. उदाहरण म्हणून मी असा आजार घेणार आहे, ज्याविषयी पुरुषमाणसं चारचौघांत सहसा बोलत नाहीत. तो म्हणजे प्रोस्टेटचा कॅन्सर.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणारी, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. उतारवयात बहुतेकांची ती वाढते. लघवीची धार बारीक होते, रात्री उठावं लागतं. ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पण काहींना या ग्रंथीत कॅन्सर होतो आणि सुरुवातीला तो बहुधा काहीच त्रास देत नाही. तो लवकर कळावा म्हणून पीएसए नावाची रक्ताची तपासणी करतात. अडचण अशी, की पीएसएचा आकडा साध्या वाढीमुळे किंवा जंतुसंसर्गामुळेही चढतो. मग सुईनं तुकडा काढून तपासावा लागतो. त्यातही जो कॅन्सर सापडतो, तो पुष्कळदा इतका संथ असतो, की त्या माणसाला त्याचा जन्मभर त्रास झाला नसता. उपचार केले, तर काहींचा लघवीवरचा ताबा जातो, काहींच्या वैवाहिक आयुष्यावर परिणाम होतो.

मग तपासणी करावी की नाही? युरोपातल्या आठ देशांमध्ये १,६२,००० पुरुषांचा यासाठी अभ्यास झाला. २३ वर्षांनंतरचे त्याचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे ४५६ जणांना बोलावलं, तेव्हा एक मृत्यू टळला. तो एक जीव मोलाचाच आहे. पण इतर काहींच्या वाट्याला चिंता आणि नको ते उपचार आले, हेही खरं. अमेरिकेतल्या अधिकृत तज्ज्ञगटानं २०१२ मध्ये ही तपासणी सरसकट करू नका असं सांगितलं. २०१८ मध्ये त्यात बदल करून, ५५ ते ६९ या वयात प्रत्येकानं डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं आणि सत्तरीनंतर करू नये, असा सल्ला दिला. आपल्याकडे सरकारी तपासणी मोहीम तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी आहे. प्रोस्टेट तिच्यात नाही. खासगी प्रयोगशाळांच्या ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेजमध्ये मात्र पीएसए पुष्कळदा असते.

म्हणजे इथं सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर नाही. ज्याचं त्यानं ठरवायचं आहे. मग माणसं हे कसं ठरवतात, त्यांना काय माहीत असतं, कशाची भीती वाटते, हे समजून घ्यायला पाहणी करावी लागते. आणि नेमकी इथंच खरी गोम आहे.

मी वैद्यकीय समाजसेवक म्हणून या दोन जिल्ह्यांत बरीच वर्षं काम केलं. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून फॉर्म भरणं हा त्या कामाचाच भाग. समजा, प्रश्न असा आहे: ‘प्रोस्टेट कॅन्सरची तपासणी करून घेण्याचा निर्णय आपण कोणत्या कारणांनी घेतला?’ वाचायला प्रश्न सरळ आहे. आता तो माण किंवा जत तालुक्यातल्या सत्तरीच्या गृहस्थांना विचारून बघा.

पहिला अडसर ‘तपासणी’ या शब्दाचा. लघवी अडकली म्हणून दवाखान्यात गेलो, तीही तपासणी. काही होत नसताना रक्त दिलं, तीही तपासणी. डॉक्टरांच्या लेखी या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा वाद दुसरीबद्दलच आहे. शासकीय मराठीत दुसरीला ‘चाळणी चाचणी’ म्हणतात, पण चाळणी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे पीठ येतं. तेव्हा फॉर्मवर ‘होय’ अशी खूण झाली, तरी ती कशाला झाली हे कुणालाच कळत नाही.

दुसरा अडसर ‘निर्णय’ या शब्दाचा. विटा-आटपाडीकडची गलाई व्यवसायातली मंडळी देशभर पसरली आहेत. मुलगा वडिलांना चार दिवस शहरात बोलावतो, प्रेमानं चेकअप करून आणतो. पॅकेजमध्ये पीएसए होतं हे वडिलांना माहीतच नसतं. विचारलं तर ते म्हणतात, “पोरानं नेलं, डॉक्टरनं लिहून दिलं.” इथं निर्णय कोणी घेतला? त्यांना आधी विचारायला हवं, की ही तपासणी होणार आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? हा प्रश्न पुस्तकातून सुचत नाही. ज्याच्यावर ती वेळ आली आहे, त्यालाच तो सुचतो.

परदेशात हे कसं लक्षात आलं, त्याची एक गोष्ट सांगतो. ब्रिटनमध्ये १९९९ पासून ‘प्रोटेक्ट’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. प्रोस्टेट कॅन्सर लवकर सापडलेल्यांना शस्त्रक्रिया, किरणोपचार की नुसती नियमित देखरेख यापैकी काय द्यायचं, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरणार होतं. सुरुवातीला शंभरातले चाळीसच जण त्याला तयार होत. तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठातल्या जेनी डोनोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर-रुग्णांची बोलणी ध्वनिमुद्रित करून ऐकली, रुग्णांना भेटून विचारलं. लक्षात आलं, की ‘थांबून लक्ष ठेवू’ या अर्थाच्या डॉक्टरांच्या इंग्रजी शब्दांचा अर्थ रुग्ण वेगळाच घेत होते: ‘हे काही करणार नाहीत, मी मरेपर्यंत नुसतं बघत बसणार.’ ‘ट्रायल’ हा शब्दही त्यांना ‘करून तर बघू’ असा ऐकू येत होता. शब्द बदलले, ठरावीक काळानं रक्त तपासून सक्रिय देखरेख होईल असं स्पष्ट सांगितलं, तिन्ही मार्ग सारख्या तोलानं मांडले. तयार होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात सत्तरावर गेलं. २००२ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढं २०२३ मध्ये त्याच अभ्यासातून कळलं, की पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत प्रोस्टेट कॅन्सरनं दगावलेले शंभरात साधारण तीनच होते. रुग्णांचं ऐकलं नसतं, तर हा अभ्यासच तडीला गेला असता की नाही, शंका आहे.

हाच धडा आपल्या मराठीला लावून बघा. ‘आता काही करायचं नाही’ हे वाक्य आपल्या खेड्यात कसं ऐकू येतं? डॉक्टरांनी हात टेकले, पेशंटला घरी न्या, असं! फॉर्मवर ‘उपचार न करता देखरेख’ हा पर्याय छापला, तर त्यावर कोण खूण करेल?

रुग्णांना सोबत घेतलं, तर ते आणखी काय सांगतील? अमेरिकेत १९९२ मध्ये लघवीच्या त्रासासाठी सात प्रश्नांची यादी तयार झाली. ती आज जगभर वापरतात. त्यात रात्री झोपल्यावर लघवीसाठी किती वेळा उठता, असा प्रश्न आहे. आपल्याकडे शेतीपंपाची लाईट रात्रीची असली, की उसाला पाणी द्यायला शेतकरी तसाही उठतोच. तो म्हणेल, “लाईटीसाठी उठतो, तेव्हा जाऊन येतो.” हा मोजायचा की नाही, हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याशी बोलल्यावरच ठरेल. मग त्या यादीतली शून्य ते पाच ही मोजपट्टी. शाळा थोडीच शिकलेल्याला ‘निम्म्यापेक्षा कमी वेळा’ हे डोक्यात बसत नाही. पण हाच माणूस डॉक्टरांना सहज सांगतो, “बारा आणे फरक आहे.” आणे चलनातून जाऊन जमाना झाला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी ते टिकून आहेत. मोजपट्टी आण्यांची केली तर? दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तर २०११ मध्ये चित्रांची प्रश्नावली पुढं आणली. धार किती जाड हे चित्रावर बोट ठेवून दाखवायचं, वाचता न येणाऱ्यालाही!

सर्वांत नाजूक गोष्ट कॅन्सर या शब्दाची. आपल्याकडे पुष्कळ घरांत आजाऱ्याला ‘गाठ आहे’ एवढंच सांगितलेलं असतं. फॉर्म घेऊन आलेल्यानं सुनेदेखत ‘तुम्हाला कॅन्सर झाल्याचं कधी समजलं?’ असं विचारलं, तर त्या घरावर काय बेतेल याचा विचार करा. म्हणून पहिला प्रश्न हवा, ‘डॉक्टरांनी तुम्हाला काय झालंय म्हणून सांगितलंय?’ आणि तो एकांतात विचारायला हवा. लघवी कपड्यात होते, हे माणूस सुनेपुढं कबूल करणार नाही. ‘वयोमानानं होतंच’ म्हणून विषय संपवेल आणि पाहणीत तो ‘त्रास नाही’ या रकान्यात जाईल.

लाजेच्या विषयात ज्याचं त्याला बोलू दिलं, तर काय घडतं, हे सांगलीनं पाहिलेलं आहे. संग्राम या संस्थेनं १९९२ पासून सांगलीत एड्सच्या प्रतिबंधाचं काम वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांनाच हाताशी धरून केलं. १९९६ मध्ये त्या स्त्रियांची स्वतःची संघटना, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, उभी राहिली. तिकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी दवाखाना बांधण्यापूर्वी आदिवासींना विचारलं, की तो कसा हवा? त्यामुळं मोठ्या इमारतीऐवजी झोपड्यांसारखी बांधणी झाली, दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. दवाखाना विचारून बांधता येतो, मग प्रश्नावली का नाही?

अर्थात सहभाग म्हणजे तयार फॉर्म रुग्णापुढं धरून ‘बरोबर आहे ना?’ असं विचारणं नव्हे. तो ‘बरोबर आहे साहेब’ असंच म्हणणार! त्याला आधी बोलवा, प्रश्न काय असावेत हे विचारा, मग कच्चा फॉर्म त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या आणि त्याला काय समजलं ते त्याच्याच शब्दांत ऐका. एकट्या सरपंचाला किंवा निवृत्त गुरुजींना बोलावून भागणार नाही. माथाडी काम करून पाटणला परतलेला, अपशिंग्याचा माजी सैनिक, ऊसतोडीला जाणारा, असे निरनिराळे हवेत. उपचारानं बरा झालेला हवा, उपचारानं त्रास झालेला हवा, तपासणी नको म्हणालेलाही हवा. त्यांच्या बायकांनाही वेगळं विचारा. रात्री कोण किती वेळा उठतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आणि रोजगार बुडवून येणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी द्या.

काही तज्ज्ञ म्हणतात, याला वेळ लागतो, आणि स्थानिक प्रश्नावली केली तर इतर देशांच्या आकड्यांशी तुलना होत नाही. दुसरा मुद्दा खरा आहे. तुलनेसाठी ठरलेले प्रश्न ठेवावेतच, पण त्यांचं मराठी रुग्णांकडून तपासून घ्यावं आणि आपले चार प्रश्न जोडावेत. वेळेचं म्हणाल, तर दोन महिने आधी गेलेले परवडतात. हजार फॉर्म भरून आल्यावर उत्तरं निरुपयोगी निघाली, तर दुरुस्तीला जागा उरत नाही. आणि त्याच आकड्यांवर उद्या सरकारचं धोरण ठरू शकतं.

शेवटी तुमच्यासाठी दोन गोष्टी. दारात आरोग्याचा फॉर्म आला, तर उत्तरं जरूर द्या; पण न समजलेला प्रश्न ‘समजला नाही’ असं सांगा आणि फॉर्म करताना कोणा रुग्णाला विचारलं होतं का, हेही विचारा. दुसरं, लघवी अडकत असेल, लघवीतून रक्त जात असेल, तर संकोच सोडून डॉक्टरांना दाखवा. आणि काही त्रास नसताना कोणी पीएसए करायला सांगितली, तर आकडा वाढलेला निघाल्यास पुढं काय काय करावं लागेल, ते रक्त देण्याच्या आधी विचारून घ्या.