रँसच्या डोंगरावरची द्राक्षं
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आपण कापूस-ज्वारीवाले, आपल्याला द्राक्षाचं काय, असं म्हणाल. पण फ्रान्समध्ये रँस शहराजवळ एक डोंगर आहे. त्याची हकीकत, ग्रेडरपुढे गाडी घेऊन उभं राहिलेल्या माणसाने ऐकण्याजोगी आहे. डोंगर म्हणायचा इतकंच, उंची तीनशे मीटरसुद्धा नाही. माथ्यावर जंगल, उतारावर चुनखडीच्या जमिनीत द्राक्षवेली. त्या द्राक्षांची शॅम्पेन दारू होते.

१८९० च्या सुमारास तिकडे फिलॉक्सेरा पोचली. माव्यासारखी कीड, पण मुळाला लागते. वेली उपटून अमेरिकन खुंटावर कलमं लावायची, हाच इलाज. त्यात १९१० साली रोग आणि गारपिटीने जवळजवळ सगळं पीक गेलं.

पीक बुडालं तर भाव चढायला हवा. पण काही व्यापारी बाहेरून स्वस्त द्राक्षं आणि दारू आणून तिलाच शॅम्पेन म्हणत. भाव होता तो नावाला, आणि नाव व्यापाऱ्याच्या हातात. जानेवारी १९११ मध्ये शेतकऱ्यांनी असला माल ओतून दिला.

सरकारने १९०८ सालीच हद्द आखली होती. डोंगराचा मार्न जिल्हा आत, शेजारचा ओब बाहेर. ओबवाले रस्त्यावर आले. सरकार हद्द काढणार म्हटल्यावर, एप्रिल १९११ मध्ये, मार्नवाले पेटले. डोंगराच्या पायथ्याला आई नावाचं गाव आहे (खरंच, आई), तिथे व्यापाऱ्यांच्या पेढ्या जळाल्या, पलटणी आल्या. मला जाळपोळीपेक्षा दुसरीच गोष्ट सलते. लुटत होता व्यापारी, आणि एकमेकांसमोर उभे राहिले दोन जिल्ह्यांचे शेतकरी. ओबला पूर्ण हक्क मिळायला १९२७ उजाडलं.

भावासाठी १९११ पासून गावांना टक्के लावले. वेर्झने, आंबोने ही १०० टक्क्यांची गावं, त्यांना पुरता भाव. बाकीच्यांना टक्क्याप्रमाणे कमी. आपल्याकडे ग्रेड गाडीला लागते, तिथे गावाला लागली. ग्रेडरची मर्जी सांभाळणं टळलं, हे बरं झालं. पण बांधापलीकडच्या ८० टक्क्यांच्या गावात कुणी कितीही राबून चांगला माल काढला तरी भाव ऐंशीचाच! १९९० मध्ये ठरीव भाव गेला, पुढे टक्केही गेले. आज तिथले बरेच शेतकरी स्वतःच बाटल्या भरून स्वतःच्या नावाने विकतात.

आपल्या गाठीवर शिक्का जिनिंग-प्रेसिंगचा. कापूस कोणत्या गावचा, हे ती गाठ सोडणाऱ्या गिरणीला कळत नाही. त्याचं काय करायचं, यावर जेवणानंतरच्या बैठकीत बोलू.