खत एक, अर्थ दोन

"खत" हा शब्द आपल्या गटाच्या बैठकीत नेहमी निघतो. कुणाला शेणखताची गाडी हवी असते, कुणाच्या घरी गहाणखताची बोलणी चालू असतात. शब्द एकच, पण ही दोन्ही खतं एकमेकांच्या नात्यातली नाहीत.

शेतातलं खत संस्कृतातल्या "खात" या शब्दाशी जोडतात. खात म्हणजे खणलेला खड्डा. त्यात शेण, राख, पालापाचोळा कुजवला की खत होतं. कागदाचं खत मात्र अरबीतून फारसीमार्गे आलं. अरबीत "खत्त" म्हणजे रेघ, लिखाण. उर्दूत आजही पत्राला खतच म्हणतात. असे शब्द महाराष्ट्रभर आहेत. आपल्या मराठवाड्यात तर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. सरकारी कारभार आधी फारसीत, मग उर्दूत चाले. त्यामुळे ते आपल्याकडे जास्तच मुरले.

पहिलं खत आपण हातात घेऊन पारखतो. काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं, म्हणजे कुजलेलं. कच्चं शेण टाकलं तर हुमणीला आवतणच. पण दुसऱ्या खतावर "इथं अंगठा द्या" म्हटलं, की आपण देऊन मोकळ्या होतो!

म्हणून फरक लक्षात ठेवू. गहाणखत म्हणजे जमीन तारण, कर्ज फिटलं की मोकळी. खरेदीखत म्हणजे जमीन विकली, मालक बदलला. काही सावकार तोंडानं "गहाण" म्हणतात आणि कागद खरेदीखताचा करतात.

जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलं जातं. तिथं सही करण्याआधी सगळा कागद मोठ्यानं वाचून घ्यायचा. वर नाव कोणतं, गट नंबर, क्षेत्र आणि रक्कम किती, हे विचारायचं. लिहिलेली रक्कम खरंच हाती आली का, तेही बघायचं. वाचता येत नसेल तर गटातली शिकलेली बाई सोबत न्यायची. नक्कल घरी ठेवायची.

बेकायदा सावकारानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. १५ वर्षांपर्यंतचे व्यवहार तपासता येतात. व्याज दिल्याच्या चिठ्ठ्या, पावत्या जपून ठेवा.

येत्या बैठकीत आपण एक काम करू. प्रत्येकीनं घरातला जमिनीचा कागद आणायचा आणि तो गहाणखत आहे की खरेदीखत, हे सगळ्यांसमोर वाचायचं. कुणी काही म्हणालं तर सांगा, खत तपासतोय.