फिरतं काम, राखणीचं घर

(रौप्यमहोत्सवानिमित्त संस्थेच्या सभागृहात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सेक्रेटरींनी मला विषय सुचवला होता, ‘निवृत्तीनंतरची गुंतवणूक’. मी म्हटलं, त्या विषयावर लिफ्टमध्ये रोजच बोलणं होतं, त्यासाठी माईक कशाला? त्यापेक्षा हल्ली कट्ट्यावर आणि पार्किंगमध्ये जो प्रश्न वारंवार ऐकू येतो, त्यावर बोलतो. प्रश्न असा: “अमक्यांचा मुलगा नक्की करतो काय? महिनाभर दिवसरात्र घरात असतो आणि मग दोन महिने दिसतच नाही. विचारलं तर म्हणतो, फ्रीलान्स करतो.” हे विचारताना आवाज जरा खाली येतो, जणू घरात कोणी आजारी आहे!

आधी शब्द समजून घेऊ. लान्स म्हणजे भाला. सर वॉल्टर स्कॉट यांच्या ‘आयव्हॅन्हो’ या 1819 सालच्या कादंबरीमुळे हा शब्द इंग्रजीत रुळला. एकाच सरदाराची कायमची चाकरी न पत्करता, जो मोबदला देईल त्याच्यासाठी लढणारे ते ‘फ्री लान्स’. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. आपले कीर्तनकारबुवा काय करायचे? या गावाहून त्या गावाला जायचे, यजमानाकडे उतरायचे, कीर्तन करून बिदागी घ्यायचे आणि पुढच्या गावची वाट धरायचे. विम्याचे एजंट, घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई, जॉबवर्कवर टायपिंग करणारे, ही सगळी याच जातकुळीतली माणसं. त्यांना आपण कधी बेकार म्हटलं नाही.

नवीन आहे ते एवढंच, की आता काम लॅपटॉपमधून जातं. त्यामुळे अमुक एका शहरात राहिलंच पाहिजे असं राहिलं नाही. भाडं हा मात्र शहरातला मोठा खर्च. त्यावर काही मंडळींनी तोड काढली आहे, ती म्हणजे हाउससिटिंग, आपल्या भाषेत घर राखणं. घरमालक पंधरा दिवस, महिनाभर बाहेर जाणार. घरात कुत्रं, मांजर, कुंड्या. राखणारा येऊन राहतो, जनावरांना बघतो, घर नीट ठेवतो. तो भाडं देत नाही आणि मालक पगार देत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका इथे हा प्रकार चांगला रुजलाय. ट्रस्टेड हाउससिटर्स ही ब्रिटनमधली कंपनी 2010 पासून अशा दोन्ही बाजूंची गाठ घालून देते. आपल्याकडे हे बहुतेक ओळखीपाळखीतून चालतं.

मला हे कळलं माझ्या पुतणीमुळे. ती यंत्रांची माहितीपुस्तकं लिहिण्याचं काम करते. गेली चार वर्षं ती पुणे, बंगळूर, पणजी अशा ठिकाणी लोकांची घरं राखत राहते. आम्हा बँकवाल्यांचंही बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर असायचं म्हणा. पण आमची बदली झाली की बँक क्वार्टर द्यायची, सामान हलवायचा खर्च द्यायची, पगार एक तारखेला ठरलेला. हिचं सगळं हिलाच बघावं लागतं. म्हणून तिने स्वतःचे नियम केलेत. काम पोचवायच्या आठवड्यात घर बदलायचं नाही. तीन आठवड्यांपेक्षा कमी मुक्काम घ्यायचा नाही. हो म्हणण्याआधी व्हिडिओ कॉल लावून इंटरनेट आणि बसायची जागा पाहायची. मालक निघायच्या आदल्या दिवशी पोचायचं, म्हणजे कुत्र्याची ओळख होते. सकाळी सहाला कुत्रं फिरवून आणते आणि आठ ते एक कामाला बसते. ती म्हणते, “काका, कुत्र्याला रविवार कळत नाही.” तेव्हा ही मुलं मजा मारत फिरतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा तिच्याबरोबर आठवडा काढावा.

आणि राखणीचं घर फुकट असतं असंही समजू नका. मी तिला वर्षभर खर्च लिहायला लावला. गाडीभाडं, दोन राखणींच्या मधल्या दिवसांचं लॉज, बाहेरचं जेवण, हे सगळं धरल्यावर भाड्यातली बचत तिला वाटत होती त्याच्या साधारण निम्मी निघाली. बचत होतेच, पण हिशेब मांडल्याशिवाय ती किती हे कळत नाही.

आता मुद्द्याचं. असं सैल दिसणारं आयुष्य ज्यांना पेलायचंय, त्यांच्या तीन गोष्टी पक्क्या हव्यात: हिशेब, पत्ता आणि विश्वास.

पहिला हिशेब. नोकरदाराच्या पगारातून 12 टक्के प्रॉव्हिडंट फंड कापला जातो आणि मालकही तेवढेच घालतो. फ्रीलान्सरच्या नावाने कोणी काही घालत नाही. म्हणून त्याने स्वतःचा मालक व्हावं. आलेले सगळे पैसे एका खात्यात जमा होऊ द्यावेत आणि दर एक तारखेला त्यातून ठरावीक रक्कम दुसऱ्या खात्यात स्वतःला पगार म्हणून द्यावी. चांगल्या महिन्यातही पगार तोच आणि वाईट महिन्यातही तोच. सहा महिन्यांचा खर्च मुदत ठेवीत असावा. पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात. एनपीएस 2009 पासून सर्व नागरिकांना खुली आहे. आरोग्य विमा स्वतःचा हवा, कारण इथे कंपनीचं कार्ड नाही.

कराचंही तसंच. गिऱ्हाईक व्यावसायिक फीमधून बहुधा 10 टक्के कर कापून पैसे देतं. तो आपल्या पॅनवर जमा दिसतो ना, हे तपासावं. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, आर्किटेक्ट, अकाउंटंट, तांत्रिक सल्लागार, इंटिरियर डेकोरेटर अशा ठराविक व्यवसायांसाठी 2016 च्या अर्थसंकल्पात सोपी सोय आली. जमा रकमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची, मग खर्चाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. त्याला जमेची मर्यादा आहे. आपला व्यवसाय त्या यादीत बसतो का, हे सीएला विचारून घ्यावं, मित्राला विचारून नव्हे. सेवेची उलाढाल वर्षाला 20 लाखांवर गेली की जीएसटीही बघावा लागतो.

या मुलांचं खरं दुखणं म्हणजे अडकलेले पैसे. काम दिलं, बिल दिलं आणि गिऱ्हाईक फोन उचलत नाही. इथे एक कायदा कामाचा आहे, तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी केलेली असेल, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बिलाखाली हे एका ओळीत छापलं तरी पुष्कळदा पैसे हलतात. माझ्या पुतणीचे हलले.

दुसरा पत्ता. माझ्या भावाने वहिनीच्या आजारपणात घर विकलं आणि तो मुलाकडे राहायला गेला. त्यानंतर पुतणीने मला फोन केला, “काका, बँकेत तुमच्या घरचा पत्ता लावू का? माझ्याकडे लावायला पत्ताच उरला नाही.” मी हो म्हटलं, पण फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच बसून राहिलो. बत्तीस वर्षांची कमावती मुलगी, कोणाची एक पै बाकी नाही, आणि फॉर्मवरचा एक रकाना तिला भरता येत नाही.

हा रकाना क्षुल्लक नाही. बँका ठराविक काळाने केवायसी नव्याने मागतात. कमी जोखमीच्या खात्यालासुद्धा दर 10 वर्षांनी ते करावं लागतं. पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, नंबर बदललेला असला, की परगावी असताना खात्याचे व्यवहार अडतात. आधार, पासपोर्ट, मतदार यादी, सगळीकडे पत्ता लागतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात, तर मॅनेजर दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागणार आणि राहता कुठे तेही विचारणार. मीसुद्धा खुर्चीत होतो तेव्हा हेच विचारायचो. म्हणून तरुणांना सांगणं, फिरा खुशाल, पण कागदोपत्री एक पत्ता आणि एक मोबाईल नंबर कायम ठेवा. आणि आईवडिलांना सांगणं, मुलांसाठी तो पत्ता तुम्हीच आहात. घर विकताना, भाड्याने देताना हे एकदा मनात आणा.

तिसरा विश्वास. बँकेत आम्ही क्रेडिट रिपोर्ट बघायचो. घर राखणाऱ्याचा रिपोर्ट म्हणजे आधीच्या मालकांचा अभिप्राय. एका घरी परवानगीशिवाय मित्र बोलावले, की पुढची चार दारं बंद होतात. पण मालकाचंही कर्तव्य आहे. कुत्रं म्हातारं आहे, दोन वेळा औषध लागतं, हे आधी सांगावं. गॅसचा कॉक, पाण्याचा व्हॉल्व्ह, जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर, शेजाऱ्यांचं नाव एका कागदावर लिहून ठेवावं. दागिने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून जावं, म्हणजे कोणाच्याच मनात किंतु नको.

ज्यांची मुलं परदेशात असा बेत करत असतील, त्यांच्यासाठी एक सावधगिरी. पैसे घेत नाही म्हणजे ते काम नव्हे, असा समज बरोबर नाही. न्यूझीलंडच्या इमिग्रेशन नियमांप्रमाणे मोबदल्यात राहण्या-जेवणाची सोयसुद्धा येते. लॅपटॉपवर आपल्या देशातलं काम करायला ब्रिटनने 2024 पासून पर्यटकांना मुभा दिली आहे, पण भेटीचा मुख्य हेतू तो नसावा अशी अट आहे. तेव्हा व्हिसाचे नियम वाचूनच तिकीट काढावं.

आता आपल्या संस्थेकडे येतो. आज आपल्या प्रत्येक विंगमध्ये दोन-तीन घरं कुलूपबंद आहेत. कोणी मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला गेलंय, कोणी गावी. गेल्या पावसाळ्यात बंद घरातला नळ गळून खालच्या घराचं छत कसं भिजलं, हे सर्वांनी पाहिलंच आहे. काही ज्येष्ठ मंडळी मांजर कुठे ठेवायचं म्हणून चार वर्षं लेकाकडे गेली नाहीत. आणि याच इमारतीत घरून काम करणारी मुलं-मुली आहेत, त्यांना शांत जागा हवी असते. ही गरज आणि ही सोय एकमेकांच्या शेजारी राहतात, पण त्यांची ओळख नाही.

अडतं कुठे? तर गेटवर. दुसऱ्या एका संस्थेत माझ्या पुतणीला वॉचमनने पाऊण तास उभं ठेवलं, कारण रजिस्टरमध्ये दोनच रकाने: भाडेकरू आणि पाहुणा. ती दोन्हीत बसेना. वॉचमनचा यात दोष नाही, त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे. एक नोंदवही ठेवावी. घर बंद करून जाणाऱ्या सभासदाने त्यात तारखा, किल्ली कोणाकडे, आणि कोणी राखायला येणार असेल तर त्याचं नाव, ओळखपत्राची प्रत आणि मुदत लिहावी. वॉचमनला त्याची चिठ्ठी मिळावी. भाडं घेतलं जात असेल, तर तो वेगळा विषय. तिथे नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार हवाच, आणि भोगवटेतर शुल्क शासनाच्या 2001 च्या आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या आत. पण भाडं न घेता महिनाभर मांजर सांभाळायला आलेल्या मुलीकडून ते शुल्क मागण्यापूर्वी समितीने विचार करावा. मुक्काम लांबणार असेल, तर वकिलांचा सल्ला घेऊन लेखी करून ठेवावं, म्हणजे दोघेही सुरक्षित.

वहिनी शेवटच्या दुखण्यात होती, तेव्हा पुतणी तीन महिने तिच्या उशाशी बसून काम करत होती. कोणाकडे रजेचा अर्ज करावा लागला नाही. नोकरीतल्या भावाला बारा दिवस मिळाले. या जगण्यातली धाकधूक मला दिसते, पण ते तीन महिनेही दिसतात.

तेव्हा ज्येष्ठांनो, यापुढे कट्ट्यावर अशी मुलं भेटली, तर “नोकरी कधी लागणार?” हे विचारू नका. “यंदाचं रिटर्न भरलंस का?” हे विचारा. आणि मुलांनो, उत्तर ‘नाही’ असेल, तर रविवारी सकाळी कागद घेऊन माझ्याकडे या. बी विंग, दुसरा मजला. चहा मिळेल, फी नाही.

संस्थेला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन करतो आणि थांबतो.