अनध्याय आणि आप्यायन

(वर्धापनोत्सवात केलेले भाषण)

 

या मंगल प्रसंगी पाठशाळेच्या वतीने चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. वयाने व अधिकाराने ज्येष्ठ असे विद्वान समोर बसले असता वेदान्ताचे निरूपण करणे हे माझे काम नव्हे. म्हणून आम्हा पाठशाळेतील मंडळींच्या नित्य परिचयाचा एक साधा शब्द मी निवडला आहे. तो शब्द म्हणजे 'अनध्याय'.

प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या या तिथींना पाठ बंद असतो. दोन्ही पक्ष मिळून महिन्यातून ८ दिवस झाले. याखेरीज मेघगर्जना झाली, धुळीची वावटळ उठली, तरीही धर्मशास्त्र अध्ययन थांबविण्यास सांगते. दारी अतिथी आला असेल, तर त्याच्या अनुमतीवाचून वेदपठण करू नये, असेही मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. विद्येचा एवढा आदर करणाऱ्या परंपरेने विद्येलाच विश्रांतीचे कुंपण का घातले असावे? याचे मार्मिक उत्तर रामायणात सापडते. हनुमंताने सीतामाईच्या कृशतेचे वर्णन करताना तिला प्रतिपदेस अध्ययन करणाऱ्याच्या विद्येची उपमा दिली आहे. जो विसावा घेत नाही त्याची विद्या वाढत नाही, ती रोडावते, हा अनुभव किती जुना आहे पाहा!

परंतु अनध्याय म्हणजे आळसाला दिलेली मोकळीक नव्हे. त्याच धर्मशास्त्राने स्पष्ट केले आहे की, नित्याचा स्वाध्याय, वेदांगे आणि होमाचे मंत्र यांना अनध्यायाचा प्रतिबंध नाही. अर्थात् त्या दिवशी गुरूंचे शिकविणे थांबते. शिष्याचे स्वतःशी चाललेले अध्ययन थांबत नाही. आमच्या पाठशाळेत अष्टमीला मुले कपडे धुतात, घरी पत्रे लिहितात, दुपारी अंमळ निजतात आणि सायंकाळी न सांगता मागील पाठाची उजळणी करू लागतात. इतर दिवशी घंटा वाजते म्हणून ती उठतात. त्या दिवशी आपले आपण उठावे लागते. मुलाची खरी पारख त्याच दिवशी होते.

याहून अधिक अर्थपूर्ण असा आमचा वार्षिक विधी म्हणजे श्रावणी. प्राचीन काळी श्रावणात उपाकर्म करून सुमारे साडेचार महिने वेदाध्ययन चाले आणि पौष-माघाच्या सुमारास त्याचे उत्सर्जन होई. हल्ली उत्सर्जन व उपाकर्म बहुधा एकाच दिवशी करतात. त्या संकल्पात दोन शब्द येतात : 'यातयामता' आणि 'आप्यायन'. याम म्हणजे प्रहर. ज्याचा प्रहर टळून गेला ते यातयाम. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळ्या अन्नाला हाच शब्द योजिला आहे. वेद नित्य खरे, पण म्हणणाऱ्याच्या मुखात तेच मंत्र वर्षभराच्या उच्चाराने शिळे होतात. म्हणून ते एकवार खाली ठेवावयाचे आणि पुन्हा नव्याने हाती घ्यावयाचे. या पुनः भरून येण्यालाच आप्यायन म्हणतात. मंत्र जर शिळे होऊ शकतात, तर आपला संसार, आपली नोकरी, किंबहुना आपली पूजाअर्चा शिळी होणार नाही काय?

आज गृहस्थाच्या पंचांगातून अनध्याय नाहीसा झाला आहे. कचेरी सुटली तरी हातातील फोन सुटत नाही. रविवार उरलेली कामे उरकण्यात जातो, आणि तीर्थयात्राही धावतपळत होते. मनुष्य थकतो आणि म्हणतो, "मला कोणी वेळच देत नाही." पण वेळ देणारा दुसरा कोण? अष्टमी तर पंचांगात आहेच. ती पाळणे तेवढे आपल्या हाती आहे.

येथे मातृभगिनींविषयी एक गोष्ट नम्रपणे सांगितली पाहिजे. सण आला की पुरुषाला सुट्टी मिळते आणि घरातील स्त्रीचे काम दुप्पट होते. यजमान पारायणास बसले आहेत आणि गृहिणी पहाटेपासून चुलीपुढे उभी आहे, असे असेल तर ती विश्रांती यजमानांनी स्वतः मिळविलेली नव्हे. ती दुसऱ्याच्या वाट्यातून काढून घेतलेली आहे. पाहुण्याच्या अनुमतीवाचून जेथे वेदही म्हणावयाचा नाही, तेथे घरच्या माणसाला विचारल्यावाचून आपण निवांत कसे व्हावे? पंधरवड्यातून एक दिवस स्वयंपाकघराचा भार घरातील इतरांनी उचलावा. तिलाही अनध्याय घडू द्यावा.

आता सुखाविषयी. मठात येणारा भक्त मंत्राक्षता घेताना मनात म्हणतो, "स्वामी, मला सुखी करा." श्रीगुरू मार्ग दाखवितात, धीर देतात, पण चालण्याचे काम शिष्याचेच. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या उद्धाराचे काम दुसऱ्या कोणाकडेही सोपविलेले नाही. मात्र हे वचन दुःखिताच्या अंगावर फेकण्याचा दगड नव्हे. तैत्तिरीय उपनिषदाने आनंदाचे मोजमाप करताना प्रथम तरुण, सुशिक्षित, सुदृढ आणि धनधान्याने भरलेल्या पृथ्वीचा स्वामी असा मनुष्य घेतला आहे. आरोग्य आणि अन्नधान्य यांना ऋषींनी तुच्छ लेखले नाही. म्हणून ज्याच्या घरी रोग आहे, दारिद्र्य आहे, त्याला प्रथम साहाय्य करावे, उपदेश मागाहून. परंतु तेच उपनिषद वरच्या प्रत्येक पायरीवर सांगत जाते की, कामनेने न ग्रासलेल्या श्रोत्रियाला तोच आनंद प्राप्त आहे. साधने दुसरा पुरवू शकेल. हाव सोडणे मात्र ज्याचे त्यालाच करावे लागते. आपल्या सुखाची जबाबदारी म्हणतात ती एवढीच, आणि एवढी मोठी.

तेव्हा भक्तजनहो, माझी विनंती लहानशी आहे. दिवसातून एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, आणि पंधरवड्यातून एक तिथी स्वतःसाठी राखून ठेवा. त्या वेळी कोणी शिकविणार नाही, कोणी हाक मारणार नाही. जप करा, वाचा, अथवा नुसते अंगणात बसा. पण ती वेळ दुसऱ्याच्या श्रमावर घेतलेली नसावी, आणि ती कोणी देईल म्हणून वाट पाहू नये.

श्रीगुरुकृपेने आपणा सर्वांचे नित्य आप्यायन होवो, हीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो. इत्यलम्.